पाठ्यपुस्तकांतील ‘आपण’

मराठींत जें पुस्तक सर्वांत अधिक वाचलें जातें, त्याचें परीक्षण आमच्या मासिकांतून जवळजवळ कधींच होत नाहीं. एखादा कवितासंग्रह निघाला तर त्याच्या थोड्याशा प्रती खपण्यापूर्वींच दोन-तीन अभिप्राय छापून येतात. एखाद्या कादंबरीस पारितोषिक मिळालें तर तिच्या गुणदोषांचा खल वर्षभर चालतो. परंतु जें पुस्तक खेड्यापाड्यांतील मूल दप्तरांतून घरीं नेतें, ज्यांतील कविता तें जन्मभर विसरत नाहीं, आणि पुष्कळांच्या बाबतींत जें आयुष्यांतलें पहिलें व शेवटचें मराठी पुस्तक ठरतें, त्या शालेय वाचनपुस्तकाकडे वाङ्मय म्हणून पाहण्याची आम्हां सुशिक्षितांस संवय नाहीं. तें शिक्षणखात्याचें काम, असें म्हणून टीकाकार मोकळा होतो. आणि शिक्षणखातें तरी त्याकडे वाङ्मय म्हणून कुठें पाहतें? मग त्याचे गुण कोणीं वाखाणावे आणि दोष कोणीं दाखवावे? वऱ्हाडांत बसून ह्या पुस्तकाकडे पाहिलें म्हणजे कांहीं प्रश्न मनांत उभे राहतात, व ते पुण्यामुंबईंत बसून कदाचित् सुचणार नाहींत. त्यांचाच विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

परीक्षणाला कांहीं तरी कसोटी हवी. आमची कसोटी एका सर्वनामाची आहे. इंग्रजींत ‘वुई’ म्हटलें म्हणजे ऐकणारा त्यांत धरला आहे कीं नाहीं, हें त्या शब्दावरून कळत नाहीं; हिंदींतल्या ‘हम’चीही तीच गत. मराठीनें मात्र हा भेद जपून ठेविला आहे. ‘आम्ही उद्यां अकोटला जाणार’ असें म्हटलें तर ऐकणारानें घरींच राहावयाचें. ‘आपण उद्यां अकोटला जाऊं’ म्हटलें कीं त्यानेंही पिशवी भरावयास हरकत नाहीं. एवढी मोठी सामाजिक गोष्ट एवढ्या लहान शब्दांत सांठविणारी आपली भाषा आहे, ह्याचा आम्हांस अभिमान वाटतो. आतां वाचनपुस्तक हें स्वभावतःच ‘आपण’ची भाषा बोलतें. आपले सण, आपला गांव, आपले आजीआजोबा, आपली भाषा, अशाच शब्दांनीं तें मुलाशीं बोलूं लागतें. तेव्हां टीकाकारानें विचारावयाचा पहिला प्रश्न हा कीं, ह्या ‘आपण’मध्यें कोण कोण बसतें, आणि कोण दाराबाहेर उभें राहून ऐकतें?

वऱ्हाड हा कांहीं एकाच भाषेचा मुलूख कधींच नव्हता. अचलपूर ही १४९० पासून इमादशाहीची राजधानी होती. पुढें मोगल, निजाम व भोसले ह्यांचा अंमल झाला. १८५३ सालीं हा प्रांत इंग्रजांच्या कारभाराखालीं आला, १९०३ सालीं मध्यप्रांतास जोडला गेला, १९५६ सालीं द्वैभाषिक मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. प्रत्येक राजवटीनें व प्रत्येक व्यापारानें येथें माणसें आणून सोडलीं. अचलपूर-बाळापूरची उर्दू, कापसाच्या व्यापाराबरोबर आलेली मारवाडी व गुजराती, तांड्यातांड्यांतून बोलली जाणारी बंजाऱ्यांची गोरबोली, आणि १९४७ च्या फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या कुटुंबांची सिंधी, ह्या सर्वांस अमरावती-अकोल्याच्या बाजारांत सारखाच भाव आहे. बाजारानें हा प्रश्न केव्हांच सोडविला. दुकानदार गिऱ्हाइकाची भाषा चार दिवसांत शिकतो, कारण न शिकला तर त्याचेंच नुकसान. शाळेचें तसें नाहीं. मुलाची भाषा तिला न आली तर नुकसान मुलाचें होतें, शाळेचें नव्हे.

ह्यांत सर्वांत चमत्कारिक स्थिति मेळघाटांतील कोरकूंची आहे. सिंधी माणूस देश सोडून आला, म्हणून तो येथें नवा. हें समजण्याजोगें आहे. पण धारणी व चिखलदरा तालुक्यांतील कोरकू मूल कोठूनही आलेलें नसतें. तें आपल्याच डोंगरांत वाढतें, आणि सहाव्या वर्षीं शाळेच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवतांच परदेशी ठरतें. कोरकू ही मराठीची बोली नव्हे, हें आमच्या पुष्कळ सुशिक्षितांस ठाऊक नसतें. संताळी, मुंडारी ह्या भाषांच्या कुळांतली ती. त्या कुळाची अगदीं पश्चिमेकडील शाखा. जॉन ड्रेक ह्यांनीं तिचें व्याकरण १९०३ सालीं प्रसिद्ध केलें, आणि ग्रिअर्सनच्या भाषापाहणीच्या १९०६ सालच्या चौथ्या खंडांत तिला स्थान मिळालें. २०११ च्या जनगणनेंत सात लाखांहून अधिक लोकांनीं ती आपली मातृभाषा म्हणून नोंदविली; त्यांतले बरेचसे मध्यप्रदेशांत आहेत. ह्या भाषेंत ‘तूं आणि मी’, ‘मी आणि तो, तूं नव्हे’, ‘आम्ही, तुम्हांला वगळून’ आणि ‘आपण सर्व’ ह्या चारी अर्थांना चार निरनिराळे शब्द आहेत. म्हणजे ज्या भेदाचा आम्हां मराठी लोकांस अभिमान, तो कोरकू मूल आमच्याहून दुप्पट बारकाईनें पाळीत असतें. असें मूल वर्गांत मागच्या ओळींत गप्प बसलें कीं त्यास मंदबुद्धीचें समजण्यांत येतें!

आतां पुस्तकाकडे वळूं. मराठी वाचनपुस्तकाचा इतिहास लहान नाहीं आणि लाजिरवाणाही नाहीं. एकोणिसाव्या शतकांत मेजर कँडी ह्यांच्यासारख्या अधिकाऱ्यांच्या देखरेखीखालीं जीं पुस्तकें तयार झालीं, त्यांत बोध पुष्कळ आणि मूल थोडें असे. आचार्य अत्रे ह्यांच्या ‘नवयुग वाचनमाले’नें तें मूल पुस्तकांत आणलें, खेळ, हंसणें, खोडी ह्यांना धड्यांत जागा मिळाली. २७ जानेवारी १९६७ रोजीं पुण्यास पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झालें, आणि ‘बालभारती’ हें नांव घराघरांत गेलें. चांगल्या कवींच्या कविता, निवडक उतारे, सुबोध चित्रें आणि गरिबालाही परवडेल अशी किंमत, हे ह्या पुस्तकांचे गुण उघड आहेत. आज मराठी घरांतून आजी, आई व नात ह्यांना जर एखादी कविता सारखीच पाठ असेल, तर ती बहुधा ह्याच पुस्तकांतून आलेली असते. हें ऋण मान्य करूनच पुढील दोष दाखवावयाचे आहेत.

पहिला दोष घराचा. ह्या पुस्तकांतील घर बहुधा एकाच घडणीचें असतें. त्यास अंगण असतें, देवापुढें दिवा असतो, दिवाळींत फराळ असतो आणि सुटींत मामाचा गांव असतो. ‘श्यामची आई’ १९३५ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यांतील एखादा उतारा वाचून मेळघाटांतील मुलाच्याही डोळ्यांत पाणी येतें. तेव्हां परक्या प्रदेशांतलें जीवन मुलांस कळत नाहीं, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. दुसऱ्याच्या घरांत नेणें हें तर वाङ्मयाचें कामच होय. तक्रार अशी आहे कीं, एका मुलानें नेहमीं दुसऱ्याच्या घरीं पाहुणें जावें आणि त्याच्या घरीं मात्र कोणीं कधींही येऊं नये, हा पाहुणचार एकतर्फी झाला. कोंकणांतला श्याम धारणीला येतो. धारणीचें मूल कोंकणांत कधीं जात नाहीं.

दुसरा दोष सर्वनामाचा. अलीकडील पुस्तकांत आदिवासींचा उल्लेख नसतो असें नाहीं. वारली चित्रांची नक्षी, लोकनृत्याचें चित्र, जंगलाशीं असलेल्या नात्याचें कौतुक, हें सगळें येतें. पण तें बहुतेक तृतीयपुरुषीं येतें. ते डोंगरांत राहतात, ते निसर्गाला मानतात, ते नाचतात. वाक्याचा कर्ता ‘ते’ असतो, आणि वर्गांत तें वाक्य मोठ्यानें वाचणारें मूल स्वतःच त्या ‘ते’पैकीं असतें. स्वतःविषयीं ‘ते’ म्हणून वाचावें लागणें, हा अनुभव ज्यानें घेतला नाहीं त्याला त्यांतलें शल्य कळणें कठीण. इंग्रजी अमदानींत आमच्या आजोबांनीं इंग्रज ग्रंथकारांच्या पुस्तकांत ‘नेटिव्ह’ लोकांच्या चालीरीतींचीं वर्णनें वाचलीं, तेव्हां त्यांना जें वाटलें असेल तेंच हें. वर्णन सहानुभूतीचें असलें म्हणून तें शल्य कमी होतें असें नाहीं. किंबहुना सहानुभूतीनें तें अधिकच बोंचतें.

तिसरा दोष भाषेचा, आणि तो केवळ आदिवासींपुरता नाहीं. वऱ्हाडी बोलणाऱ्या कुणब्याच्या मुलासही हें पुस्तक आपल्या आईच्या तोंडचें वाटत नाहीं. उद्धव शेळके ह्यांच्या ‘धग’ ह्या १९६० च्या कादंबरींतील कौतिक जी भाषा बोलते, तिचें सामर्थ्य मराठी टीकाकारांनीं एकमुखानें मान्य केलें. पण तीच भाषा तिच्या मुलानें शाळेंत बोलून दाखविली तर ती अशुद्ध ठरते. संत गाडगेबाबांनीं ह्याच बोलींत, श्रोत्यांस प्रश्न विचारीत विचारीत, हजारों लोकांस कीर्तनांतून शहाणें केलें. निरक्षरांस शिकविण्याची इतकी यशस्वी पद्धति आमच्याच जिल्ह्यांत जन्मास आली, आणि आमच्या शाळांनीं तिच्यापासून काय घेतलें? आधीं मुलाच्या भाषेंत विचारावयाचें, मग आपल्या भाषेंत सांगावयाचें, एवढेंच तिचें रहस्य होतें.

चौथी गोष्ट स्थलांतराची. मेळघाटांतील पुष्कळ कुटुंबें पीक आटोपलें कीं मजुरीसाठीं खालच्या सपाटीला उतरतात. कोणी विटांच्या भट्टीवर, कोणी हरभऱ्याच्या सोंगणीवर. मुलें बरोबर जातात, आणि होळीच्या सुमारास मंडळी परततात. अशा मुलांकरितां शासनानें हंगामी वसतिगृहें काढलीं, शिक्षण हमी कार्डाची योजना केली. दुसऱ्या गांवच्या शाळेंत त्यांस बसूं द्यावें हा हेतु चांगलाच आहे. परंतु बसूं देणें आणि सामावून घेणें ह्यांत अंतर आहे. ज्या मुलानें वर्षांतून दोन घरें पाहिलीं, त्याला पुस्तकांतलें घर एकाच जागीं रोंवलेलें दिसतें. भट्टीजवळच्या झोपडींत लिहिलेला, वाटेवरच्या प्रवासाचा, मागें राहिलेल्या आजीला आठवणारा एक तरी धडा त्यास सांपडावा कीं नाहीं?

असे धडे लिहिण्यास मराठी भाषा असमर्थ आहे, असें कोणी म्हणेल तर तें खोटें आहे. लक्ष्मण माने ह्यांचें ‘उपरा’ १९८० सालीं प्रसिद्ध झालें. कैकाडी समाजांतील, बिऱ्हाड पाठीवर घेऊन गांवोगांव हिंडणाऱ्या कुटुंबांतल्या मुलाची शाळा त्यांत आहे, आणि त्या मुलानें शिकावें म्हणून हट्ट धरणारा बाप आहे. त्या पुस्तकाची भाषा शिष्ट मराठीच्या वहिवाटीबाहेरची होती. तरी मराठी वाचकांनीं तें डोक्यावर घेतलें व साहित्य अकादमीनें त्याचा गौरव केला. म्हणजे आमच्या वाङ्मयानें ‘आपण’चा परीघ वाढविला, परंतु वाचनपुस्तक त्याच्या एक पिढी मागें राहिलें. ‘उपरा’ हें नांव ज्या वेदनेनें दिलें गेलें, ती वेदना पहिलीच्या वर्गांत आजही दर जूनमध्यें नव्यानें उत्पन्न होते.

ह्याच्या उलट दिशेची चूकही येथें नमूद केली पाहिजे. भाषिक अल्पसंख्यकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून मिळण्याची सोय व्हावी, असें कलम १९५६ सालीं घटनेंत घातलें गेलें. त्याला अनुसरून मराठीखेरीज उर्दू, हिंदी, गुजराती, सिंधी, कन्नड, तेलुगू अशा माध्यमांचीं पुस्तकें निघालीं, आणि हें सर्वथा योग्यच झालें. पण पुस्तकें निराळीं झालीं तशीं मुलेंही निराळीं झालीं. अमरावतीच्या एकाच रस्त्यावर मराठी शाळा आणि उर्दू शाळा असावी, दोहोंच्या घंटा एकमेकींस ऐकूं याव्या, आणि दहा वर्षांत एका शाळेंतील मुलानें दुसरींतल्या मुलाची एक कविताही ऐकूं नये, ह्याला मातृभाषेचें रक्षण म्हणावें कीं दोन भिंतींचें? सिंधीची कथा तर अधिक खेदाची आहे. १९६७ सालीं तिला घटनेच्या आठव्या अनुसूचींत स्थान मिळालें. पण पुष्कळ सिंधी घरांनीं पुढें इंग्रजीचा मार्ग धरला, आणि नातवंडांस आजीचें बोलणें अर्धेंच कळूं लागलें. शेजारच्या मराठी वाचनपुस्तकांत त्या आजीची, तिनें सोडून आलेल्या शहराची एखादी गोष्ट असती, तर सिंधी मुलास आपली भाषा लपविण्याजोगी वाटली नसती. फाळणीनंतर आपल्या गल्लींत राहावयास आलेले हे लोक कोण, हें मराठी मुलासही कळलें असतें. २०२० च्या कायद्यानें महाराष्ट्रांतील सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. कायदा मराठीला वेळापत्रकांत जागा देऊं शकतो. मुलाच्या मनांत जागा मिळविण्याचें काम पुस्तकाचें आहे.

ह्या संबंधांत २०२५ सालचा वाद आठवतो. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा असावी, असा शासननिर्णय त्या वर्षीं एप्रिलांत निघाला, जूनमध्यें त्यांत फेर झाला, व अखेर २९ जून रोजीं दोन्ही निर्णय मागें घेण्यांत आले. त्या दिवसांत प्रत्येक सुशिक्षित मराठी घरांत एकच युक्तिवाद ऐकूं येत होता: सहा वर्षांच्या मुलावर न कळणाऱ्या भाषांचें ओझें लादूं नका. युक्तिवाद बिनतोड होता, आणि आम्हांसही तो पटला. परंतु जो युक्तिवाद आपल्या मुलाकरितां खरा, तो दुसऱ्याच्या मुलाकरितां खोटा होत नाहीं. कोरकू मुलास घरची भाषा पहिली. मराठी ही त्याची दुसरी, आणि २००० सालापासून पहिलीच्या वर्गांत आलेली इंग्रजी ही तिसरी. हिंदी तर धारणीच्या बाजारांत त्याच्या कानांवर पडतच असते. म्हणजे जें ओझें आमच्या मुलांवर येऊं नये म्हणून आम्हीं एवढा कोलाहल केला, तें मेळघाटांतील मूल आज कित्येक वर्षें मुकाट्यानें वाहत आहे, आणि त्या ओझ्याचें नांव मराठी आहे! ह्या वादांत लिहिल्या गेलेल्या असंख्य लेखांत त्या मुलाची आठवण किती जणांस झाली?

ह्यावर तीन आक्षेप येतात. पहिला असा कीं, मराठी शाळाच ओस पडत चालल्या असतां मराठीवर हा नवा भार कशाला? उत्तर सोपें आहे: जी शाळा शेजारच्या मुलास आपलेंसें करूं शकत नाहीं, तीच ओस पडते. दुसरा आक्षेप, आदिवासी आईबापांनाच मराठी-इंग्रजी हवी आहे. हवीच आहे, आणि मिळालीही पाहिजे. प्रश्न मराठी शिकवावी कीं नाहीं हा नसून कोणत्या पायरीवरून शिकवावी हा आहे. ज्याला पोहतां येत नाहीं त्याला उथळ पाण्यांतून न्यावें लागतें. एकदम डोहांत ढकलून तो बुडाला तर नदीची थोरवी वाढत नाहीं. तिसरा आक्षेप समानतेचा: सर्वांना एकच पुस्तक, हीच खरी समता. ह्याचें उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९७४ सालीं लाऊ विरुद्ध निकोल्स ह्या खटल्यांत दिलें आहे. सॅन फ्रान्सिस्कोंतील ज्या चिनी मुलांस इंग्रजी कळत नव्हती, त्यांच्या बाबतींत न्यायालयानें ठरविलें कीं, तींच पुस्तकें व तेच शिक्षक सर्वांस पुरविल्यानें समानता सिद्ध होत नाहीं. पुढच्याच वर्षीं इंग्लंडांत बुलक समितीनेंही बजावलें कीं, शाळेंत शिरतांना मुलानें घरची भाषा दाराबाहेर टाकून यावें, अशी अपेक्षा कोणीं धरूं नये. आणि इतक्या दूर तरी कां जावें? ओरिसानें सुमारें वीस वर्षांपूर्वीं दहा आदिवासी भाषांतून पहिल्या इयत्तांचें शिक्षण सुरू केलें. त्यांत मुंडा कुळांतल्या भाषाही होत्या, म्हणजे कोरकूच्या सख्ख्या बहिणी. आमच्याकडे २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यांत शक्य तेथवर मातृभाषेंतून शिकवावें असें लिहिलें आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणांत निदान पांचवीपर्यंत घरची भाषा असावी असें म्हटलें आहे. कागदाची उणीव नाहीं.

शेवटीं आमच्याच जिल्ह्यांतील एका गांवाचें स्मरण करून देतों. रिद्धपूर येथें २०२४ सालीं मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालें, व त्याच वर्षीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. रिद्धपूरची निवड झाली ती ‘लीळाचरित्रा’मुळें, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत म्हाइंभटांनीं सिद्ध केलेला तो मराठी गद्याचा आद्य ग्रंथ. पण त्या ग्रंथाचे नायक श्रीचक्रधर हे जन्मानें कोठले? भडोचचे, गुर्जर देशचे, असें महानुभाव परंपराच सांगते. गुजरातेंतून आलेल्या एका पुरुषानें ह्या मुलखाची भाषा आपली केली, आणि ह्या मुलखानें त्याचे शब्द जसेच्या तसे जपून ठेवले. त्यांतून मराठी गद्य जन्मास आलें. पुढें नागदेवाचार्यांनीं आपल्या पंडित शिष्यांस संस्कृतांत लिहिण्यापासून परावृत्त केलें, तें साध्याभोळ्या स्त्रियांना ज्ञान अंतरेल म्हणून. बाहेरून आलेल्यास आंत घेणें आणि आंतल्यास बाहेर न ठेवणें, ह्या दोन कृत्यांवर ज्या भाषेचा पाया घातला गेला, तिच्या पहिलीच्या पुस्तकाकडून आम्ही कांहीं नवें मागत नाहीं.

आमचें मागणें थोडकें आहे. मेळघाटांतील पहिल्या दोन इयत्तांत कोरकू जाणणारा स्थानिक तरुण किंवा तरुणी शिक्षकाबरोबर वर्गांत असावी. वाचनपुस्तकाच्या कांहीं पानांवर मराठीशेजारीं कोरकू, गोरबोली, सिंधी किंवा उर्दू मजकूर नागरी लिपींत छापावा, म्हणजे मराठी मुलासही तो वाचून पाहतां येईल. त्या त्या समाजांतील लेखकांकडून प्रथमपुरुषीं लिहिलेले धडे घ्यावे. त्यांच्याविषयीं दुसऱ्यांनीं लिहिलेले पुरेत. आणि टीकाकारांनीं दर वर्षीं एक तरी वाचनपुस्तक कादंबरीइतक्याच कडक नजरेनें वाचून त्यावर लिहावें. ह्यांतली शेवटची गोष्ट शासनाच्या आज्ञेवांचून होण्याजोगी आहे. ज्या घरीं हें मासिक येतें त्या बहुतेक घरांत एखादें वाचनपुस्तकही असेल. वाचकांनीं आज तें उघडावें आणि त्यांतील प्रत्येक ‘आपण’पाशीं थांबून पाहावें, आपल्या गांवच्या वर्गांतलें कोणतें मूल त्या शब्दाच्या बाहेर राहिलें आहे.